दोन दहाची बांधणी

सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरला लागून
चार बाय सहाची एक खोली आहे.
पूर्वी तिथे रिकामे क्रेट असत.
आता एक कॉम्प्युटर, बिनझाकणाचा,
आणि त्याच्यावर भिंतीतून झिरपणारा फुकटचा गारवा.
घरी एप्रिलात तो दोन दिवस टिकला नसता.
भाडं नाही. बदल्यात नामदार तडवीला
चेंबरचं तापमान मोबाईलवर दिसेल असं करून दिलंय.

रात्री दोन दहाला काम आपोआप सुरू होतं.
दोनला नाही. दोनला फीडर बदलतो,
गावभरचे दिवे एकदा डोळा मिटतात,
इन्व्हर्टर कण्हतो, मग सगळं जागेवर येतं.

एकच सोर्स, काल संध्याकाळचा.
त्यातून पाच घरचे पाच डबे.
रावेरच्या शीतगृहाला डेबियन, इतकं जुनं
की धूळ पुसायलाही कुणी हात लावत नाही.
फैजपूरच्या सोसायटीत फेडोरा, तिथला कारकून हौशी.
शहाद्याच्या भुईकाट्याला उबुंटू.
मुक्ताईनगरला सुसे, का ते तिथेही ठाऊक नाही.
आणि चोपड्याचा भावेश, त्याला आर्चशिवाय जेवण जात नाही;
दर आठवड्याला मोडतो
आणि दर आठवड्याला माझ्यावर रुसतो.

प्रोग्रामचं नाव मापाडी.
काट्यावरचा आकडा उचलतो, पावतीवर ठेवतो,
मध्ये बोट घालायला जागा सोडत नाही.
एवढंच त्याचं पुण्य.

प्रत्येक डब्याला रोज कोरी खोली मिळते,
काम झालं की खोलीच मोडायची,
कालचं खरकटं आज नको.
सामान एकच, नावं मात्र घरागणिक वेगळी:
इथे शेपटीला डेव्ह, तिथे डेव्हेल,
आर्चकडे तर शेपूटच नाही.
पारोळ्याची मावशी 'शे' म्हणते, आम्ही 'आहे' म्हणतो,
आणि कुणाचं काही अडत नाही;
कंपायलरला हे सांगून पाहिलंय.

अडीचला नामदार शिळा गॅस सोडायला चेंबरचं दार उघडतो.
"काय करू र्‍हायली ताई?"
"डबे भरते."
"अन् माणूस कशाला लागतो? आपोआप म्हनली व्हती ना?"

आपोआपच आहे.
आज पाचही हिरवे झाले, आणि शेवटी, सहीपाशी, लाल.
किल्लीची मुदत संपली.

किल्ली ललित नारखेडेची.
मुदत टाकताना म्हणाला होता,
पाच वर्षांत कोण कुठे असेल काय सांगावं.
तो सुरतेला आहे, पडद्याचं कापड विकतो.
तीन वर्षं मी रोज रात्री
त्याच्या सहीनं माल पाठवत होते
आणि हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

नवी किल्ली घडवायला बसले.
मशीन म्हणालं, पुरेसा गोंधळ नाही,
माऊस हलवा, काहीबाही टाइप करा.
मी टाइप केलं: दाराची करकर, पंखा,
कच्च्या केळ्यांचा तो हिरवा, ओलसर वास,
जसं सुचेल तसं, न बघता.
मग त्यानं नाव विचारलं.
बोटं एकदा 'ल'वर गेली.
खोडलं. कांचन भारंबे, सावदा.
मुदत? एक वर्ष. तेवढंच झेपेल.

सकाळी पाच फोन.
शहाद्याला हो म्हणाले, फैजपूरच्या कारकुनानं
किल्लीचे चाळीस आकडे-अक्षरं एकेक करून वाचून घेतली,
मुक्ताईनगरला फोन कुणी उचलला नाही.
रावेरवाले म्हणाले,
कोण कांचन? ललितभाऊचा नंबर द्या.

दिला.
दुपारी ललितनं आपल्या जुन्या किल्लीची मुदत वाढवली,
तिनं माझ्या किल्लीवर सही केली,
आणि खाली फक्त एक अंगठा पाठवला.

रात्री दोन दहाला चार डबे सुटले.
चोपड्याचा मोडला.